चांगल्या पायाची उडी

— त्या खुर्चीवर नको, तिचा एक पाय निखळलाय. बसलात तर पडाल, आणि मग तुमचा फॉर्म तुम्हालाच भरावा लागेल. ती चेंडूंची पेटी ओढा, तिच्यावर बसा. दार लोटून घ्या, बाहेर पोरी पळताहेत, गॅलरीखालच्या ह्या खोलीत आवाज दुप्पट होऊन येतो. हां — काय विचारत होतात? सतरावा प्रश्न. दुखापत झाली त्या दिवशी खेळाडूच्या पाळीचा कितवा दिवस होता. बाई, बावीस वर्षं झाली मी पोरींना हँडबॉल शिकवते. काल सकाळी भाजी कुठली केली ते मला आठवत नाही, आणि सहा वर्षांपूर्वीच्या सामन्यात कोणाचा कितवा दिवस होता ते मी सांगू? लिहा, माहीत नाही. अठरावा काय — कंबरेची रुंदी. तेही माहीत नाही, मी शिंपी नाही. एकोणीस, बुटाचा तळ. वीस, मैदानाची जमीन लाकडी की रबरी. लिहा, रबरी. आधी लाकडी होती, बूट जरा सरकायचा. मग क्लबने ही हिरवी रबरी घातली — बूट असा चिकटतो की अंग वळतं पण पाऊल वळत नाही, आणि मधे कोण सापडतं? गुडघा. हे मी तेव्हाच्या सेक्रेटरींना तोंडावर सांगितलं होतं, तर म्हणाले, मॅडम, नाचता येईना अंगण वाकडं. आता तेच तुमच्या कागदावर धोक्याचं कारण म्हणून छापून आलंय, तेव्हा कुठे मी शहाणी. मी चेंडू खरवडत बोलले तर चालेल ना? नाही चाललं तरी खरवडणारच. पकड यावी म्हणून पोरी हाताला गोंद लावतात, तो चेंडूवर बसतो, गोंदावर धूळ बसते, आणि चारच्या आत मला हे बारा चेंडू साफ हवेत.

राग नाही हो माझा. राग कशाला? गुडघ्यांवर संशोधन करायला इथे येणाऱ्या तुम्ही चौथ्या आहात, एवढंच. पहिले एक आले, त्यांनी पोरींच्या गुडघ्यांना चकचकीत गोळ्या चिकटवल्या, सहा कॅमेरे लावले, दोन दिवस उड्या मारायला लावल्या, आणि जाताना मला सांगितलं, मॅडम, मुली उडीवरून उतरताना गुडघे आत पाडतात. अहो, ते मला बाकावर बसून दिसतं, गोळ्या न लावता! दुसऱ्या बाई रक्त घेऊन गेल्या. तिसऱ्याने तर माझीच परीक्षा घेतली — दुखापतींबद्दल प्रशिक्षकांना किती ज्ञान आहे म्हणे. तुम्ही सगळे उंटावरून शेळ्या हाकणार, आणि इथे शेळ्यांच्या मागे पळून माझ्या टाचा झिजल्या. आणि तरी ऐका, तुमच्याच लोकांनी सांगितलेला तो पंधरा मिनिटांचा व्यायाम मी सहा वर्षं करून घेतेय. एका पायावर तोल, उडी मारून मऊ उतरायचं, गुडघा आत पडू द्यायचा नाही, मांडीच्या मागच्या स्नायूंचं ते ओणवं होणं — सगळं. ऊन असो, परीक्षा असो, कोणाचं लग्न असो, पंधरा मिनिटं म्हणजे पंधरा मिनिटं. त्याआधीच्या सहा वर्षांत माझ्याकडे पाच पोरींचे गुडघे गेले. त्यानंतरच्या सहा वर्षांत एक, फक्त एक, ही डावरी. हे लिहा की! हे विचारायला कोणी येत नाही. काय? सहा वर्षांपूर्वीच का सुरू केला? — केला. वाटलं म्हणून केला. पुढचा प्रश्न.

हो, तीच डावरी, दारातून दिसली ना, डाव्या हाताने फेकते ती, गुडघ्यावर काळी पट्टी. आज चार वाजता तिची उडीची चाचणी आहे. ऑपरेशनला येत्या सोमवारी सात महिने होतील. माहितीये, माहितीये, तुम्ही लोक नऊ म्हणता. त्याच्या आत खेळलं की पुन्हा तुटायची भीती कितीतरी पट, ते सगळं वाचलंय मी, मला वाचता येतं. पण शनिवारी उपांत्य सामना आहे, आणि तिच्यासारखी उजव्या कोपऱ्यातून फेकणारी दुसरी मी काय चाकू घेऊन कोरून काढू? तिच्या हाडांच्या डॉक्टरांनी लिहून दिलंय — चाचणी पास झाली तर थोडा वेळ खेळायला हरकत नाही. चाचणी काय, तुम्हाला पाठच असेल, पण माझ्या तोंडून ऐका, म्हणजे नंतर म्हणू नका की मॅडमना कळत नव्हतं. आधी दुखऱ्या पायावर उभं राहायचं, त्याच पायाने पुढे उडी, त्याच पायावर उतरून थांबायचं. टेपने मोजायचं. मग चांगल्या पायाने तसंच. चांगला पाय शंभर धरला तर दुखऱ्याने नव्वद तरी मारायला हवी. नव्वद आले, खेळ. नाही आले, बाकावर बस. सोपं आहे, पोराटोरांना कळेल असं. घोडामैदान जवळच आहे, चार वाजता बघा तुम्हीच. नाही — बघा म्हणजे, थांबायलाच हवं असं नाही. तुमचे प्रश्न संपले की तुम्ही निघालात तरी चालेल.

हे काय? हा मघाचा कागद नाही. अच्छा! म्हणजे ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं. पाळी, कंबर, बूट हे सगळं दारात पाय पुसण्यापुरतं, आणि खरं काम हे. द्या इकडे. चष्मा — चष्मा कुठे ठेवला मी — डोक्यावरच आहे. खेळाडू क्रमांक एकतीस. वय एकोणीस. मधल्या जागेवर खेळणारी. डावा गुडघा. हंगामाआधीची उडी, उजवा पाय, एकशे अठ्ठावन्न सेंटिमीटर. ऑपरेशननंतर सहा महिन्यांनी डावा एकशे चौदा, उजवा एकशे एकवीस. चौऱ्याण्णव टक्के. पास. पुन्हा दुखापत तीन आठवड्यांनी. नावं काढून टाकता म्हणे तुम्ही, गुप्तता पाळता. अगं ए — हो, आता अगं म्हणते तुला, रागावले की मी कोणाला अहो-जाहो करत नाही, सेक्रेटरींनासुद्धा केलं नाही — अगं, मी जन्म दिलाय तिला, आणि मला तू एकतीस आकडा लावून दाखवतेस? ही माझी भिंगरी आहे. मैदानावर सगळे भिंगरीच म्हणायचे, अशी गर्रकन वळायची की समोरची पोर जिथे ती होती तिथेच हात पसरून उभी असायची. तेच वळणं नडलं तिला. पहिल्यांदा, साध्या सरावात. कोणी धक्का दिला नाही, कोणी अंगावर आलं नाही, रबरावर पाऊल रोवलं, वळली आणि बसली. नुसती खाली बसली. मी ओरडले, ऊठ, नाटकं करू नकोस. — ते लिहू नकोस.

उजवा पाय. चांगला पाय. एकशे अठ्ठावन्नाचा एकशे एकवीस कसा झाला, हे विचारायला आलीस ना तू? सदतीस सेंटिमीटर गेले कुठे? मी काय खिशात घातले? सहा महिने पोर घरात, आधी कुबड्या, मग पट्टा, पाय दोन्ही वाळतात, चांगलासुद्धा उतरतो, हे तुमच्याच पुस्तकांत आहे, बघ जाऊन. आणि हयगय. हयगय केली तिने, व्यायाम केले नाहीत. मी तेव्हाच दुखापतींच्या रजिस्टरमध्ये लिहिलंय, कारणाच्या रकान्यात, माझ्या हाताने — खेळाडूकडून व्यायामात हयगय. आळशी पोरगी, काय करणार, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! — हे आणखी काय? वही? फिजिओकडची? ही तुला कोणी दिली? ... हं. रोजची खूण. रोजची. एकशे बावन्न दिवस. उजव्या पायाचा जोर आधीपेक्षा वाढलेला. अगं, मला काय दाखवतेस, मला माहीत नाही का? स्वयंपाकघरातून दिसायची मला ती. पाठ भिंतीला लावून अधांतरी खुर्चीसारखी बसायची, मांड्या थरथरायच्या, मी आत काही तळत असले तर म्हणायची, आई, तू शंभर मोज, माझं मोजणं चुकतं. मी मोजायची. पायरीवर चढ-उतर, चढ-उतर, खालच्या मजल्यावरच्या काकू भांडायला आल्या एकदा, छताला हादरे बसतात म्हणून. एक खाडा नाही. एक दिवस ताप होता तरी नाही. मग रजिस्टरमध्ये हयगय का लिहिलं? काहीतरी लिहावंच लागतं. कारणाचा रकाना रिकामा ठेवला तर रजिस्टर परत येतं.

टेप कोणी धरली होती? फार पुढची आहेस तू. सरळ विचार ना, की बाई, तुम्ही केलंत का. टेप मी धरली. कोण धरणार? तेव्हाही पद्धत हीच होती, आजही हीच आहे. प्रशिक्षकाने चाचणी घ्यायची, आकडे लिहायचे, डॉक्टरांकडे पाठवायचे, डॉक्टर आकड्यांवर सही करतात, पायावर नाही. अंतिम सामन्याला तीन आठवडे होते. अकरा वर्षांनी आम्ही अंतिम सामन्यात! अकरा वर्षं मी ह्याच खोलीत गोंद खरवडला आणि दर वर्षी दुसऱ्यांच्या गळ्यातली पदकं बघून टाळ्या वाजवल्या. आणि मधल्या जागेवर जी पोर होती ती चांगली होती, बिचारी, पण बिचारीच. हे कारण नाही म्हणतेस? नसेल. मी कुठे म्हणाले कारण आहे? मी नुसतं सांगतेय की तीन आठवडे होते. भिंगरीने उडी मारली, मी आकडा वाचला. ती किती जोर लावते ते टेपवर दिसतं का? टेपला अंतर कळतं, बाकी काही कळत नाही. — माझ्याकडे असं बघू नकोस. हो, मला कळतं. ह्या पोरींच्या नुसत्या श्वासावरून मला कळतं कोण अंग चोरतंय. बावीस वर्षं काय गवत उपटलं मी? आणि ती तर माझ्या पोटची. पण खेळायचं तिलाच होतं, हे विसरू नकोस तू. तिलाच घाई होती. एकोणीस वर्षांच्या पोरीला घाई नसते तर कोणाला असते, मला?

त्या दिवशीचं काय लिहायचं ते लिही. दुसरा अर्ध, एकविसावं मिनिट, आम्ही एकाने मागे. तिने तीन पावलं टाकली, उंच उडाली, चेंडू जाळ्यात गेला. बरोबरी झाली. आणि ती उतरली. डाव्या पायावर, सरळ, ताठ, गुडघा आत. टक् असा आवाज आला. गॅलरीत आठशे माणूस ओरडत होतं, आणि मला बाकावर तो आवाज ऐकू आला — वाळकी काडी पायाखाली यावी तेवढाच. लोक अजून नाचत होते, कोणाला कळलंच नव्हतं. नवीन बसवलेला लिगामेंट गेला, आतली गादी फाटली, दोन ठिकाणी. दुसरं ऑपरेशन झालं, मग तिसरं. आम्ही जिंकलो, बरं का. चषक बाहेर कपाटात आहे, जाताना बघ. आता ती चष्म्याच्या दुकानात बसते, लोकांना अक्षरांच्या पाटीसमोर बसवून डोळ्यांचा नंबर काढते. उंच स्टूल आहे, गुडघा फार वाकवावा लागत नाही. जिना उतरताना आडवी उतरते, एक पायरी, मग दुसरा पाय, कठड्याला धरून. पंचवीस वर्षांची पोर. दर रविवारी येते घरी. बोलतो आम्ही, भांडण-बिंडण काही नाही, हवापाणी, नातेवाईक, दुकानातल्या गमती, सगळं बोलतो. गुडघा सोडून सगळं. सहा वर्षांत तिने एकदा मला विचारलं नाही आणि एकदा बोल लावला नाही. तू सांग, हे बरं का? माझ्या आईशी मी असं वागले असते का? मी घर डोक्यावर घेतलं असतं. तिने एकदा घर डोक्यावर घ्यावं म्हणून मी रविवारची वाट बघते, आणि ती येते आणि म्हणते, आई, चहा टाकू का.

आता तो कागद का मागे धरलायस? दे. जे काय असेल ते दे, एकदाच दे, हप्त्याहप्त्याने छळू नकोस. — हे तर तिचं अक्षर आहे. भेटलीस तू तिला? दुकानात? कधी, गेल्या आठवड्यात? ह्या रविवारी येऊन गेली, चकार शब्द बोलली नाही. काय लिहिलंय — “उजव्या पायाची उडी मी स्वतःहून कमी मारली. आईला ह्यातलं काही माहीत नव्हतं. तिला कळलं असतं तर तिने मला खेळूच दिलं नसतं.” ... आणि खाली सही. पूर्ण नावाने. माझ्या नवऱ्याचं नाव मधे घालून, ठसठशीत.

हे खोटं आहे. ऐकतेस ना, खोटं आहे हे, खोटारडी आहे कार्टी. कोणी सांगितलं होतं तिला हे लिहायला? तू भरीला घातलंस का? मग? मग कोणी? मला वाचवतेय? कोणी विचारलं होतं वाचव म्हणून! पेन दे. तुझं पेन दे इकडे, माझं हे गोंदाने चिकटलंय. मी सांगते, तू नीट ऐक, आणि एक अक्षर बदललंस तर मी तुझ्या वरिष्ठांकडे येईन. सोमवार होता, दुपारचे दोन, हॉल रिकामा. आम्ही दोघीच. आधी डावा मारला तिने. एकशे चौदा. मी रजिस्टर उघडलं, तिचा जुना उजवा एकशे अठ्ठावन्न, तोंडी हिशेब मला पटकन येतो — एकशे बेचाळीस हवे होते, आले एकशे चौदा. शंभरात बहात्तर. म्हणजे तीन महिने तरी नाही. ती टेपच्या टोकाशी उभी, घामाने निथळलेली, चेहरा पडलेला, म्हणाली, मॅडम, नाही ना जमलं? मैदानावर ती मला मॅडमच म्हणायची, मीच शिस्त लावली होती, चौथीत असल्यापासून. आणि मी म्हणाले — मी म्हणाले, उजवा जरा बेताने मार. ती समजली नाही. कशी समजणार, एकशे बावन्न दिवस जिने चोरी केली नाही तिला एकदम काय समजणार? मी म्हणाले, चांगला पाय कमी गेला की दुखरा आपोआप बरा दिसतो. तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, “आई, खरंच?” मैदानावर. आई म्हणाली. आणि मी मान हलवली. बस. तोंडाने हो म्हणालेच नाही, नुसती मान हलवली. तिने उडी मारली, एकशे एकवीस, मी वाकून वाचलं आणि लिहिलं. आणि पुन्हा तुटल्यावर कारणाच्या रकान्यात लिहिलं, हयगय. कुंपणानेच शेत खाल्लं आणि वर नाव टाकलं शेताचं. हे लिही. क्रमांक एकतीसपुढे लिही. आईला माहीत होतं. आईनेच सांगितलं. कुठे सही करू? इथे? — घे. आता तिचा तो कागद फाड. फाडता येत नाही? मग त्याच्यावर आडवी रेघ मार, मोठी, मला दिसेल अशी.

काय, झालं ना समाधान? मिळाले ना तुला तुझे सदतीस सेंटिमीटर? आता तुम्ही छापाल की चाचणी खोटी पाडता येते, आणि प्रत्येक पायाची उडी त्याच पायाच्या जुन्या आकड्याशी ताडून बघा. छापा. सहा वर्षं उशीर झालाय, पण छापा. मग उठत का नाहीस? बारावा चेंडू झाला माझा. मला पोरींकडे जायचंय. — गप्प. एक मिनिट गप्प. ऐक. ऐकलंस? धप्. ही डावरी, दुखऱ्या पायाने. जड उतरतेय, टाच आपटतेय, अजून गुडघा घ्यायला घाबरतेय. आता चांगला पाय ऐक ... ऐकलंस? हलकी. एवढीशी. मांजराने ओट्यावरून उतरावं तशी. जोर लावून मारलेली उडी अशी वाजत नाही.

मी नाही शिकवलं तिला. शपथ घेऊन सांगते, ह्या वेळी मी नाही. काल संध्याकाळी त्या कोपऱ्यात सराव करत होती, मी दारात होते, तिला माहीत नव्हतं. चांगला पाय चोरत होती. शेजारी थोरली गोलकीपर उभी, तिला सांगतेय, अजून थोडी कमी, मॅडम चौऱ्याण्णववर पास करतात. त्यांच्यात नाव आहे म्हणे त्याला. “मॅडमची उडी.” मी समजत होते हॉल रिकामा होता त्या दुपारी. गॅलरीत कोण बसलं असेल, काय माहीत. पोरींनी एकमेकींना शिकवत शिकवत सहा वर्षं सांभाळून ठेवली माझी उडी. पंधरा मिनिटांचा व्यायाम मला रोज ओरडून करून घ्यावा लागतो, आणि ही एकदा शिकवली, तिलाही नुसती मान हलवून. तर काल मी दारात उभी राहिले आणि काय केलं, विचार ना. विचार! ... काही नाही केलं. मागे फिरले, इथे येऊन बसले. शनिवारचा सामना डोळ्यांसमोर होता. आज चार वाजता टेप धरून वाकणार होते आणि येईल तो आकडा वाचणार होते, आणि मनाशी म्हणणार होते, टेपला अंतर कळतं, बाकी काही कळत नाही. तू आली नसतीस तर केलंच असतं. म्हणून तर दार उघडल्यापासून तुझा राग आलाय मला, बूट-बिट सगळं झूट.

ही टेप धर. अगं, धर म्हणते ना! आणि ते लोखंडी कपाट उघड, वरून तिसरा कप्पा, निळं रजिस्टर, हंगामाआधीचे आकडे आहेत त्यात. डावरीचा चांगला पाय एकशे त्रेसष्ट. दुखरा पाय त्याच्याशी ताड, ती आज मारेल त्याच्याशी नाही. नव्वद येणार नाहीत, सत्तरच्या पुढे जाणार नाहीत, मला आत्ताच माहीत आहे. नापास लिही आणि माझ्यासमोर आणू नकोस, सरळ तिच्या डॉक्टरांकडे पाठव. रडेल. शिव्या देईल, मला देईल, देऊ दे. शनिवारी आम्ही हरू, दहाने हरू, सेक्रेटरी विचारतील तेव्हा बघू. — मी? नाही, मी येत नाही बाहेर. का म्हणजे? कारण उडी मारायच्या आधी ती माझ्याकडे बघणार. त्या सगळ्या बघतात. आणि माझ्या मानेचा मला भरवसा नाही.

झाले चार. बघतेस काय अशी? ऊठ, निघ. आणि जाताना दार नीट लाव.